पाच वॉट आणि वीस मीटर वायर

व्हायवाला आपण डायपोलचा रेडिएशन पॅटर्न काढून दाखवतो, मार्क्स घेतो आणि विसरून जातो. पण तोच डायपोल स्वतः कापून बांबूला बांधला, तर त्यावरून पुण्या-नाशिकच्या माणसाशी बोलता येतं, तेही मोबाईल टॉवरशिवाय. या छंदाला हॅम रेडिओ म्हणतात.

त्यासाठी महागडा सेट हवाच असं नाही. हैदराबादच्या अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी 'बिटएक्स' या ट्रान्सीव्हरचं सर्किट सगळ्यांसाठी खुलं केलं. साधे ट्रान्झिस्टर, सहज मिळणारे भाग आणि एक कॉइल तर चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळलेली! पॉवर मिळते पाच-सहा वॉट.

एवढ्याशा पॉवरने काय होणार? हिशोब करू. १०० वॉट हे ५ वॉटच्या २० पट, म्हणजे १३ डेसिबल जास्त. रिसीव्हरच्या मीटरवर एक एस-युनिट ६ डेसिबलचं धरतात. म्हणजे फरक जेमतेम दोन एस-युनिटचा. खोलीच्या गजाला कशीबशी लटकवलेली वायर याहून जास्त सिग्नल खाऊ शकते. शिवाय हॉस्टेलमधले चार्जर आणि एलईडी दिवे इतका खरखराट करतात की समोरचा ऐकूच येत नाही. म्हणून वॉट वाढवण्याआधी सेट घेऊन मोकळ्यावर जायचं.

आता अँटेना. फ्रिक्वेन्सी ७.१ मेगाहर्ट्झ. ३०० भागिले ७.१ म्हणजे तरंगलांबी ४२.३ मीटर. अर्धी २१.१, त्यातून ५ टक्के वजा केले की सुमारे २०.१ मीटर वायर, मधोमध दोन भाग. कापताना थोडी लांबच ठेवा, नंतर छाटता येते. मधला भाग सात-आठ मीटर उंच बांबूवर आणि दोन्ही टोकं खाली उतरती, झाला 'उलटा व्ही'.

द्रोणागिरीत राहणाऱ्याला वाटेल, डोंगरावर चढलो तर रेंज वाढेल. १४४ मेगाहर्ट्झला ते खरं आहे, कारण तिथे लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पण ७ मेगाहर्ट्झवर एवढ्या कमी उंचीच्या डायपोलची बरीचशी ऊर्जा वर जाते आणि दिवसा आयनोस्फिअरवरून परतून काहीशे किलोमीटरच्या परिसरात उतरते. डोंगर आड आला तरी बिघडत नाही. सपाट मोकळी जागा पुरते. शिवाय या भागात ओएनजीसीचा प्रकल्प आहे, नौदलाची ठिकाणं आहेत, तेव्हा परवानगीशिवाय कुठेही वायर ताणायची नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या उरण लोकलच्या ओव्हरहेड वायरपासून आणि विजेच्या तारांपासून तर लांबच राहायचं.

बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, यूपीएसमध्ये असते तीच. ऐकताना ०.२ आणि बोलताना १.५ अँपिअर धरा. पाव वेळ बोललो तर सरासरी ०.५३ अँपिअर. अर्धीच बॅटरी वापरली तरी साडेसहा तास निघतात.

एक गोष्ट पक्की: परवान्याशिवाय ट्रान्समिट करणं गुन्हा आहे. दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची परीक्षा द्यावी लागते. परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो, त्यामुळे बाहेर सेट लावण्याचे नियमही आधी वाचून घ्या.

हा नुसता टाइमपास नाही. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) यांचा हॅम गट पोर्ट ब्लेअरमध्येच होता. छंदासाठी नेलेल्या सेटवरून त्यांनी अंदमानातले निरोप मुख्य भूमीवर पोचवले. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतले फोन ठप्प झाले. अशा दिवशी कपाटात ठेवलेला सेट कामाचा नाही. वायर कुठे बांधायची, बॅटरी किती पुरेल, हे ज्याने उन्हात उभं राहून आधीच करून पाहिलंय, त्याचाच निरोप पोचतो.

तेव्हा सबमिशन संपलं की सोल्डरिंग आयर्न बाहेर काढा. अंधार पडायच्या आत, मोकळ्या मैदानात, पंधरा मिनिटांत स्टेशन उभं करता येतं का, बघा!