खोट आधी शोध

चि. गार्गी हिस,


नेट निघाली, जेआरएफ मिळाली, हे तुझ्या आईनं फोनवर इतक्या मोठ्यानं सांगितलं की आमच्या मजल्यावर सगळ्यांना कळलं. तुझ्या पत्रात मात्र आनंदापेक्षा घोर जास्त दिसतो. पीएच.डी.साठी तीन विषय समोर आहेत: पेरोव्हस्काइटचे सोलर सेल, सोडियम-आयन बॅटरी आणि संगणकानं सुचवलेली नवी संयुगं. त्यातलं पुढे कशाला भाव येईल, असं मावशीला विचारलं आहेस.

भावाचं मला कळत नाही. औषधांच्या कच्च्या मालाच्या कारखान्यात क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, प्रयोगशाळेत माझी सारी नोकरी झाली. माल किती चांगला आहे हे आम्हाला कोणी विचारत नसे. तो कशात नापास होऊ शकेल, ते विचारत. तुझी तिन्ही स्थळं मी त्याच सवयीनं पाहिली. स्थळं म्हटलं ते उगाच नाही. लग्नाच्या बोलण्यात मुलाचा पगार सगळे विचारतात, तब्येतीचं कोणी काढत नाही. सोलर सेलच्या बातम्यांत कार्यक्षमतेचा टक्का हा पगार असतो.

पेरोव्हस्काइटचा पगार खरोखर डोळे दिपवणारा आहे. 2009 मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटानं पहिला सेल केला तेव्हा 3.8 टक्के मिळाले, आणि पदार्थ सेलमधल्याच द्रवात काही मिनिटांत विरघळून जाई. 2012 मध्ये द्रवाच्या जागी घन थर आला आणि आकडा दहाच्या आसपास गेला. आज एकट्या पेरोव्हस्काइटचे सेल सव्वीस टक्क्यांच्या पुढे आहेत, आणि चीनच्या लाँगी कंपनीनं सिलिकॉनवर त्याचा थर चढवून 2024 मध्ये 34.6 टक्क्यांची नोंद केली. सिलिकॉनला बेल लॅबमधल्या 1954 च्या सहा टक्क्यांवरून सव्विसापर्यंत यायला सहा दशकं लागली. त्यात सिलिकॉन वितळवायला 1414 अंश सेल्सिअस लागतात. इथे द्रावणाचा थेंब काचेवर टाकायचा, काच गरगर फिरवायची, शंभर-दीडशे अंशांवर तापवायची, झाला थर. कोणाला मोह पडणार नाही?

आता तब्येत. सुरुवातीच्या वर्षांत या सेलनी एक गंमत केली. व्होल्टेज वरून खाली आणत मोजलं की कार्यक्षमता जास्त दिसे, खालून वर नेत मोजलं की कमी. सेल तोच, दिवा तोच. बऱ्याच पेपरांत अर्थातच मोठा आकडा छापून येई. कारण असं की या पदार्थात इलेक्ट्रॉनच नव्हे, आयनही हळूहळू सरकतात, आणि मोजणी कोणत्या बाजूनं व किती वेगानं केली यावर उत्तर बदलतं. पुढे नियतकालिकांनी दोन्ही दिशांचे आकडे आणि सेल चालू ठेवून मिळालेली स्थिर शक्ती मागायला सुरुवात केली. यातून एवढंच घे की तुझ्या हातून पहिला मोठा आकडा निघेल त्या दिवशी कोणाला फोन करण्याआधी मोजणी उलट्या दिशेनं कर.

आणि खरी परीक्षा पुढेच आहे. छपरावरच्या पॅनेलसाठी जी एक ठरावीक चाचणी असते तिच्यात 85 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता अशा पेटीत पॅनेल हजार तास ठेवतात. आपल्या कोकणातला जुलै आठव आणि त्यात मेमधलं तापलेलं पत्र्याचं छप्पर मिसळ. सिलिकॉन यातून पार होतं, म्हणून तर शेतकऱ्याच्या सौर कृषिपंपावर पंचवीस वर्षांची भाषा करता येते. पेरोव्हस्काइटला मात्र ओल, उष्णता आणि उजेड तिन्ही सोसत नाहीत. उजेड न सोसणारा सोलर सेल! शिवाय त्यात शिसं असतं, आणि तेही पाण्यात विरघळणाऱ्या रूपात. विक्रमी सेलचं क्षेत्रफळ पेपरात नेहमी तपासत जा. पुष्कळदा ते एक चौरस सेंटिमीटरही नसतं.

तू म्हणशील, मावशीनं स्थळ नाकारलं. तसं नाही. खोट आहे एवढ्यावर पदार्थ सोडायचा तर आज निळा एलईडी नसता. ऐंशीच्या दशकात निळ्या प्रकाशामागे जे लागले होते त्यांतले बहुतेक झिंक सेलेनाइडवर काम करत. त्याचं कारणही चोख होतं. त्याचे स्फटिक आधाराच्या गॅलियम आर्सेनाइडवर जवळजवळ नेमके बसत, त्यामुळे दोष फार थोडे पडत. गॅलियम नायट्राइड नीलमण्यावर वाढवावं लागे. दोघांची जाळी जुळत नाही, म्हणून एका चौरस सेंटिमीटरमध्ये अब्जावधी भेगसदृश दोष. याच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या दोषांत दुसरे एलईडी विझून जातात. नागोयात आकासाकी आणि आमानो, आणि शिकोकू बेटावरच्या निचिया या फॉस्फर बनवणाऱ्या कंपनीत नाकामुरा, एवढे थोडे लोक या रद्दी ठरलेल्या पदार्थाला चिकटून राहिले. झालं असं की झिंक सेलेनाइडच्या देखण्या स्फटिकात प्रवाह सोडला की जे थोडे दोष असत तेच वाढत जात आणि उपकरण मरे. नायट्राइडमध्ये अब्जावधी दोष होते, पण ते वाढत नव्हते आणि प्रकाश अडवत नव्हते. 1993 मध्ये नाकामुरांनी झगझगीत निळा दिवा लावून दाखवला आणि 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. तुझ्या फोनचा जो चिमुकला, जलद चार्जर आहे त्यात बहुधा तेच गॅलियम नायट्राइड बसलं आहे. कोणती खोट जीव घेते आणि कोणती नुसती दिसायला वाईट, हे कागदावर ठरत नाही. ते ठरवण्यात एखाद्याची पाच वर्षं गेली तर ती चांगली गेली असं मी म्हणेन.

खोट लपवू नये याचं माझं आवडतं उदाहरण बॅटरीतलं आहे. 1997 मध्ये टेक्सास विद्यापीठातून पाधी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांचा लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा पेपर आला. लोखंड आणि फॉस्फेट, म्हणजे स्वस्त आणि बिनविषारी. पण त्यातलं जेमतेम साठ टक्के लिथियम बाहेर निघत होतं, आणि प्रवाह जास्त ओढला की क्षमता आणखी घटत होती. हे सगळं त्यांनी सारांशातच सांगून टाकलं, कारणाचा आपला अंदाजही दिला, आणि हा पदार्थ कमी शक्तीच्या बॅटरीला योग्य आहे असं लिहिलं. एवढ्या नेमक्या शब्दांत अडचण मांडली म्हटल्यावर दुसऱ्यांना कामाला लागता आलं. माँट्रियलच्या गटानं कणांवर कार्बनचा लेप दिला, इतरांनी कण बारीक केले. ‘कमी शक्ती’चा तोच पदार्थ आज जगभरच्या विजेच्या गाड्यांत जाणाऱ्या बॅटऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांत आहे. गुडइनफ यांना 2019 मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते 97 वर्षांचे होते, आणि स्टॉकहोममधलं त्यांचं व्याख्यान त्यांचे जुने सहकारी, तमिळनाडूचे अरुमुगम मंथिराम यांनी दिलं. पाधी आणि नंजुंदस्वामी ही नावं मात्र आपल्याकडे किती जणांना माहीत असतील?

याच्या उलट एलके-99. जुलै 2023 मध्ये कोरियातून दोन प्रीप्रिंट आले: शिशाच्या अपाटाइटमध्ये थोडं तांबं घातलं की साध्या तापमानालाच अतिवाहकता. पंधरा दिवस जग नाचलं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनं लगोलग नमुना करून पाहिला. त्यांना काही सापडलं नाही. उलगडा मला फार आवडला. कोरियन आलेखात रोध एकदम कोसळत होता तो 104 अंशांच्या आसपास. इलिनॉय विद्यापीठातले प्रशांत जैन कॉपर सल्फाइडवर काम केलेले. त्यांना तो आकडा ओळखीचा वाटला, कारण कॉपर सल्फाइडची स्फटिकरचना त्याच तापमानाला बदलते, आणि या भट्टीत कॉपर सल्फाइड उपपदार्थ म्हणून तयार होतंच. पुढे स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत सल्फाइडशिवायचे शुद्ध स्फटिक वाढवले. ते तर विद्युतरोधक निघाले. म्हणून मुख्य पदार्थाइतकाच तुझ्या भट्टीतला कचरा तुला ओळखता आला पाहिजे. आमच्या धंद्यात अशुद्धीची यादी मालाच्या वर्णनापेक्षा लांब असायची.

तुझ्या तिसऱ्या विषयाबद्दल, संगणकानं सुचवलेल्या संयुगांबद्दलही, मला एवढंच म्हणायचं आहे. बर्कलीच्या यंत्रमानवी प्रयोगशाळेनं 2023 च्या नोव्हेंबरात 17 दिवसांत 41 नवी संयुगं केल्याचं जाहीर केलं. मग स्फटिकशास्त्राच्या जाणकारांनी त्यांचे एक्सआरडीचे (क्ष-किरण विवर्तनाचे) आलेख पुन्हा वाचले. बरीच संयुगं आधीच माहीत असलेली निघाली, अणूंची जागांवर झालेली सरमिसळ यंत्रानं सुबक रचना समजून वाचली होती. या विषयात शिरायचं असेल तर आधी एक्सआरडी हातानं वाचायला शीक, प्रोग्रामिंग नंतर.

सोडियमबद्दल थोडक्यात. पदार्थ म्हणून तो मला पसंत आहे. पुण्याच्या आयसरमधल्या संशोधनातून केपीआयटी कंपनीनं 2023 च्या डिसेंबरात आपली सोडियम बॅटरी जाहीर केली, म्हणजे घराजवळ माणसंही आहेत. तांब्याच्या पातळ पत्र्याऐवजी दोन्ही टोकांना ॲल्युमिनियम चालतं, हाही फायदा. पण तिची खोट प्रयोगशाळेच्या बाहेर आहे. 2022 मध्ये लिथियमचे भाव आभाळाला टेकले होते, वर्षभरात ते गडगडले, आणि सोडियमच्या स्वस्ताईचं निम्मं गणित कोलमडलं. त्यावर तुझ्या हातात काही नाही.

माझं मत विचारशील तर पेरोव्हस्काइट धर, पण विक्रमाच्या शर्यतीत उतरू नकोस. हे सेल बिघडतात कसे, हा विषय माग. यात तोटा आहे, तोही सांगते. एकेक सेल महिनोन्‌महिने दिव्याखाली ठेवावा लागेल, शेजारच्या टेबलावरची मुलगी तेवढ्यात दोन पेपर छापून मोकळी होईल, आणि जेआरएफची दोन वर्षं संपताना समितीपुढे तुझ्याकडे दाखवायला उतरते आलेखच असतील. तुझी आई काळजी करेल, तिला मी बघते.

ज्या दोन गाइडचा तू विचार करते आहेस त्यांना भेटशील तेव्हा त्यांच्या पेपरांबद्दल विचारू नकोस, ते वेबसाइटवर आहेत. सध्या चालू असलेला सर्वात जुना सेल किती महिन्यांचा आहे ते विचार. एकाच पद्धतीनं केलेल्या वीस सेलपैकी किती सारखे येतात ते विचार, आणि हाच प्रश्न चहाच्या वेळी सीनियर मुलांना वेगळा विचार. उत्तरं जुळतात का पाहा. ग्लव्हबॉक्समधली ओल कोण तपासतं आणि त्याची वही कुठे आहे, तेही. मेलेले सेल डब्यात तारखेनिशी ठेवलेले दिसले तर त्या गाइडना हो म्हण, मग फेलोशिपखेरीज बाकी सोयी थोड्या कमी असल्या तरी चालतील. दुसरीकडे नुसताच चकचकीत दिवा दाखवला तर चहा पिऊन परत ये, आणि मला त्याच रात्री कळव.

तुझी,
नंदामावशी