वर्गात आडनाव आधी पोचतं

कर्जतकडे जाणाऱ्या लोकलला उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं पाठोपाठ येतात. माझी सगळी नोकरी या तीन गावांत झाली, विषय मराठी. इथल्या एकाच वर्गातल्या मुलांच्या घरी सिंधी, भोजपुरी, तमिळ, मल्याळम, गुजराती, उर्दू, आगरी, ठाकरी असं काय काय बोललं जातं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकी मिळाल्या आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते अजून तसेच आहेत. पुढे जीन्सच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आले. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि एमआयडीसीनं देशभरातली माणसं आणली. बदलापूरच्या आसपास आगऱ्यांची गावं आणि ठाकर-कातकरी आदिवासींच्या वाड्या आधीपासूनच होत्या. परवडणारं घर शोधत मुंबईहून आलेली कुटुंबं त्यांच्या शेजारी येऊन राहिली.

अशा वर्गात ठरवून भेदभाव करणारा शिक्षक मी क्वचितच पाहिला. भेदभाव होतो तो रोजच्या, अंगवळणी पडलेल्या कामांतून, आणि म्हणूनच करणाऱ्याला तो दिसत नाही. नव्यानं नोकरीला लागणाऱ्यांसाठी त्यातलं काही लिहिते आहे.

एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘विविधतेत एकता’ हा कार्यक्रम होता. त्यात एक ‘आदिवासी नृत्य’. कमरेला पानं, तोंडाला काळा रंग, हातात पुठ्ठ्याचे भाले. नाचणारी मुलं सोसायट्यांमधली होती. सहावीतला एक ठाकर मुलगा खाली सतरंजीवर बसून ते पाहत होता. शेजारच्यानं त्याला विचारलं, “तुझे बाबा घरी असेच असतात का रे?” त्याचे वडील एमआयडीसीत कंत्राटी कामाला, रोज पँट-शर्ट घालून सायकलवरून जाणारे. त्या दिवसानंतर मुलानं वाडीचं नाव सांगणं सोडलं. कुठे राहतोस म्हटलं की “स्टेशनजवळ” म्हणायचा. नाच बसवणाऱ्या बाईंनी मनापासून कष्ट घेतले होते, कुणाला दुखवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. पण तालमी चालू असताना वाडीत कुणी गेलं नाही, त्या मुलाच्या आईला कुणी काही विचारलं नाही. माझं मत विचाराल तर असे वेशभूषेचे कार्यक्रम बंद केले तरी मुलांचं काहीच बिघडत नाही. करायचाच असेल तर काय दाखवायचं, कोणी नाचायचं, हे त्या समाजातल्या घरांना ठरवू द्या.

‘उल्हासनगरचा माल’ म्हणजे डुप्लिकेट, हा विनोद मुंबईभर चालतो. दोन वह्यांतलं उत्तर सारखं दिसलं की एक सर सिंधी मुलींना नेमकं हेच ऐकवत. वर्ग हसायचा, मुलगीही हसायची, आणि तिच्या हसण्यावर सर निश्चिंत असत. त्यांच्यातली एक मुलगी निबंध फार सुंदर लिहायची, पण माझ्या तासाला वाचून दाखवायला उभी राहीना. बाजूला घेऊन विचारलं तेव्हा म्हणाली, “मॅडम, सब बोलेंगे कॉपी किया है.” घर, जमीन, भाषेचा मुलूख मागे टाकून आलेल्या आणि बराकीत पापड लाटून संसार पुन्हा उभे करणाऱ्या माणसांची ती पणती. हे तिला आणि वर्गाला सांगणं हे शिक्षकाचं काम होतं. मूल हसलं म्हणजे त्याला लागलं नाही, असं कधीही धरू नका.

माझ्या विषयातही हे चालतं. सिंधीत ‘ळ’ नाही, भोजपुरीत नाही, आणि आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो. तोंडी परीक्षेत तिघंही ‘शाला’ म्हणतात. सिंधी मुलाला शाबासकी मिळते, की मराठी बोलायचा प्रयत्न तरी करतो. भोजपुरी मुलाची नक्कल होते. आणि ज्याची मराठी जन्मापासूनची आहे त्या आगरी मुलाला “अशुद्ध बोलू नकोस” म्हणून खाली बसवतात. उच्चार तोच आणि वागणूक तीन तऱ्हेची, हे मी अनेक परीक्षकांच्या शेजारी बसून पाहिलं. २०२०च्या कायद्यानं सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे अशी मुलं आता आणखी भेटणार. उच्चार जरूर शिकवा, सगळ्या वर्गाकडून एकदम म्हणून घ्या. एकट्या मुलाला उभं करून नको. शब्द अडत असेल तर बालभारतीची सिंधी, उर्दू, गुजराती, हिंदी पुस्तकं आहेतच. गणित-विज्ञानाच्या संज्ञा त्यांतून काढून वर्गात लावता येतात.

“शिष्यवृत्तीवाले उभे राहा.” “आरटीईवाल्यांनी ऑफिसात जा.” ही वाक्यं आपण किती सहज बोलतो! असं सगळ्यांसमोर पुकारण्यानं काय होतं ते पाहा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत शाळकरी मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले होते. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामात फरक दिसला नाही. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारल्यावर दलित मुलं मागे पडली. दोन्ही वेळची मुलं सारखीच आणि कोडीही तशीच होती. तेव्हा शिष्यवृत्तीचे अर्ज मधल्या सुट्टीत, एकेकाला बोलावून द्या. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेलं मूल कोण, हे वर्गातल्या कुणालाही कळायचं कारण नाही.

पेपर तपासताना पहिलं पान दुमडून नाव झाका. उत्तरपत्रिकांवर जात मनानंच लिहून त्या तपासायला दिल्या, तर खालच्या मानलेल्या जातींच्या पेपरला किंचित कमी गुण पडतात, हे रेमा हन्ना आणि ली लिंडन यांनी भारतातच केलेल्या अभ्यासात दिसलं आहे. नाव झाकायला काही सेकंद लागतात.

नावाचंच आणखी एक. आपल्या फॉर्मला मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने लागतात. तमिळ मुलाला बहुधा आडनाव नसतं, बिहारच्या मुलीच्या नावापुढे नुसतं ‘कुमारी’ असतं. रकाना भरायचा म्हणून जुळवाजुळव केली की दहावीच्या दाखल्यापर्यंत ते कुटुंब हेलपाटे घालतं. जन्मदाखल्यावर आहे तसंच लिहा, आणि घरी जसं म्हणतात तसंच हजेरीला पुकारा.

आणि कातकरी मुलं. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शिक्षकांच्या खोलीत लगेच निकाल लागतो, “यांना शिकायचंच नसतं.” भट्टीवर सगळं घर राबतं, मुलाला मागे ठेवायला वाडीत कुणी उरत नाही, हे एकदा भट्टीवर जाऊन बघा. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेनं मुलाला वर्गात घ्यायचं असतं. सहामाहीच्या आधीच वाडीत जाऊन कोण कुठे जाणार ते विचारा, कार्ड भरून पालकांच्या हातात द्या, तिकडच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करा. मूल परत आलं की पटावरचा त्याचा जुनाच नंबर त्याला द्या, आणि बुडलेल्या धड्यांसाठी रोजच्या परिपाठाआधीचा अर्धा तास काढा.