जीव, म्हातारी आणि मानभाव : नामशब्दांचा विचार

प्रवरातीरीचे बेलापूर पंथीयांच्या स्मरणात विरहाचे स्थान आहे. येथून श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे बीजे केले आणि सन्निधानास मुकलेल्या साधकांच्या हाती उरले ते वचन. म्हाइंभटांनी प्रत्यक्षदर्शी स्त्रीपुरुषांना विचारून लीळा जमविल्या. केसोबासांनी सूत्रे निवडली. ज्या मार्गाचे धन वचन हेच आहे, तेथे शब्दाचे लिंग किंवा उपमेचा रोख उलटा घेतला गेला, तर आचारही उलटा होतो.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांतील देवता हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी, उरलेले तीन पुल्लिंगी. म्हणून देवता तेवढ्या स्त्रिया, असे कोणी म्हणत नाही; व्याकरणाचे लिंग वस्तूवर चढत नाही, हे तेथे सहज कळते. मात्र जीव हा शब्द पुल्लिंगी असल्याने त्याचा मूळ अधिकारी पुरुष, असा ग्रह नकळत होतो. स्त्रियांच्या धर्माधिकाराविषयी शंका निघाली तेव्हा स्वामींनी हाच ग्रह पकडला. पुरुषांच्या ठायी जीव आणि स्त्रियांच्या ठायी त्या शब्दाचे काही लहानसे स्त्रीलिंगी रूप वसते की काय, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. शब्दाला हास्यास्पद रूप देताच शंका निराधार ठरली. विटाळाविषयीही तीच रीत. देहाच्या अन्य द्वारांतून जसे मल स्रवतात तसेच हे, असे म्हणताच एका शब्दातील भय सामान्य देहधर्माच्या पातळीवर उतरते.

म्हातारी या शब्दाचे उदाहरण अधिक बोलके आहे. महदाइसा सतत प्रश्न विचारीत. स्वामी त्यांना म्हातारी म्हणत आणि त्यांच्या जिज्ञासेची वाखाणणी करीत. लोकव्यवहारात उपेक्षेचा असलेला शब्द येथे जिज्ञासूचे नाव झाला. पुढे नागदेवाचार्यांनी संस्कृत रचनेस विरोध केला तो म्हाताऱ्या नागवल्या जातील म्हणून. तेव्हा ग्रंथभाषेचा निर्णयच या शब्दावर उभा राहिला. वाङ्मयेतिहासात महदाइसा ‘धवळ्यां’च्या कर्त्या म्हणून आद्य मराठी कवयित्री ठरल्या. हा गौरव योग्यच. परंतु कवयित्री म्हटल्यावर स्त्रियांच्या रांगेतील पहिली एवढाच अर्थ घेण्याची सवय बळावते, आणि लीळांतील कित्येक निरूपणे त्यांच्या प्रश्नांमुळे झाली, ही गोष्ट मागे पडते.

नामाचा प्रवास उलट दिशेनेही होतो. महानुभाव याचे मानभाव झाले, आणि मानभावी म्हणजे वरून साधा, आतून कावेबाज, असा अर्थ मराठीत रूढ झाला. सकळादी सांकेतिक लिप्यांत झाकलेले ग्रंथ आणि वेगळा वेष यांमुळे परक्यांच्या मनात संशय होताच. शब्दाने त्याला कायमचे घर दिले. ज्याने एकही पंथीय पाहिलेला नाही, तोही हा शब्द वापरून निवाडा देऊन मोकळा होतो. पंजाबात हाच पंथ जयकृष्णी म्हणून ओळखला जातो; त्या नावात असा डंख नाही. मार्ग एकच, पण नावाबरोबर ऐकणाऱ्याची मुद्रा बदलते.

स्वतःवर पडलेल्या शब्दाचा असा अनुभव असलेल्यांनी आचारप्रकरणातील एक उपमा विशेष जपून वाचली पाहिजे. स्त्री हे मादक द्रव्यांतील मुख्य द्रव्य. इतर द्रव्ये सेवनाने माजवितात, हे दर्शनानेच, असा तिचा भाव. हे वाक्य स्त्रीचा स्वभाव सांगते, असे समजणारे पुष्कळ आहेत. पण मद्याच्या घटास हेतू नसतो आणि दोषही नसतो. माज चढतो तो पाहणाऱ्याच्या ठायी. उपमा भिक्षूच्या दृष्टीला आवरण्यासाठी आहे. ती स्त्रीवर लेबलासारखी चिकटवली की निषेधाचे तोंड फिरते: सावध राहायचे ते साधकाने, आणि दोष लागतो तिला. तपस्विनी हेच सूत्र पाठ करते तेव्हा तिने स्वतःचाच निषेध उच्चारावा काय? तिच्या मुखी द्रव्याचे स्थान पुरुषदेहास येते, कारण विकार जेथे उठतो तेथेच सूत्राची आज्ञा लागू होते. पाठ देणाऱ्याने हा फेर शिष्येला पहिल्याच दिवशी सांगावा; तो तिने स्वतः शोधून काढावा, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.