महामंदी : पैसा आटला की विश्वास?



'मंदी' हा शब्द आपल्या कानांवर अधूनमधून पडत असतो. दुकानदार म्हणतो, "फादर, बाजार थंड आहे." कारखान्यात जाणारा तरुण म्हणतो, "फादर, माणसे कमी करणार आहेत." गेल्या शतकात १९२९ साली जी मंदी सुरू झाली, ती पुढे जवळजवळ दहा वर्षे जगाच्या मानगुटीवर बसली. इतिहासात तिला 'महामंदी' म्हणतात. ती का आली आणि तिने माणसाचे काय केले, हे या रविवारी आपण थोडक्यात पाहू या.

सुरुवात कशी झाली?

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोठी तेजी आली. मोटारी, रेडिओ अशा वस्तू लोक हप्त्यांवर घेऊ लागले. पुष्कळांनी शेअरही उसन्या पैशाने घेतले. किमतीचा काही भाग आपला आणि बाकीचा दलालाकडून कर्जाऊ, असा तो व्यवहार होता. ही भरभराट सर्वांच्या घरी मात्र पोचली नव्हती. शेतमालाचे भाव १९२० नंतरच पडले होते.

२४ आणि २९ ऑक्टोबर १९२९ या दिवशी न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. पण केवळ शेअर पडल्याने जग दहा वर्षे अडून राहत नाही. त्यामागे आणखी तीन कारणे होती.

पहिले कारण बँका. आपण बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत पडून राहत नाही. बँक तो कर्जाऊ देते. त्यामुळे सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागायला आले, तर चांगली बँकही उघडी पडते. डिसेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कमधील एक मोठी बँक अशीच बंद पडली. तिचे ४ लाखांहून अधिक ठेवीदार होते आणि त्यांतले बरेचसे कष्टकरी होते. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बुडाल्या. ठेवींना विमा नव्हता. मध्यवर्ती बँकेने वेळीच पैसा पुरवायला हवा होता, तोही तिने पुरवला नाही.

दुसरे कारण सोने. बहुतेक देशांचे चलन सोन्याशी बांधलेले होते. सोने देशाबाहेर जाऊ नये म्हणून सरकारांनी ऐन संकटात व्याजदर वाढवले आणि खर्च कापला. आजाऱ्याचे जेवण तोडावे तसा हा प्रकार झाला. मे १९३१ मध्ये ऑस्ट्रियाची सर्वांत मोठी बँक कोलमडली आणि मग जर्मनीतल्या बँकांची पाळी आली. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सोन्याची गाठ सोडली. ज्या देशांनी ती लवकर सोडली, ते लवकर सावरले.

तिसरे कारण जकात. जून १९३० मध्ये अमेरिकेने परदेशी मालावरचे कर वाढवले. हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी विरोध केला असतानाही राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी कायद्यावर सही केली. इतर देशांनीही उलट भिंती उभारल्या आणि जगाचा व्यापार आटत गेला.

एकाचे शहाणपण, सर्वांचे नुकसान

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो, तेव्हा तर्कशास्त्रात एक चूक शिकवली जाई : जे एकाला लागू पडते ते सर्वांनाही लागू पडेल असे धरून चालणे. मिरवणुकीत एकजण टाचा उंचावून उभा राहिला तर त्याला चांगले दिसते. सगळेच टाचा उंचावून उभे राहिले, तर कोणालाच जास्त दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात.

महामंदीत हेच घडले. एकाने घाबरून ठेव काढली, ते त्याच्यापुरते शहाणपणाचे होते. सर्वांनी काढली तेव्हा बँक बुडाली. एका मालकाने पगार कापला, त्याचे भागले. सर्वांनी कापले तेव्हा माल घेणारा उरला नाही. म्हणून दुसरा मालकही कामगार कमी करू लागला. यात प्रत्येकजण वाईट होता असे नाही. प्रत्येकजण एकटा होता.

माणसांचे काय झाले?

१९३३ साली अमेरिकेत चार कामगारांपैकी जवळजवळ एक बेकार होता. जर्मनीत बेकारांचा आकडा ६० लाखांवर गेला होता. आणि वस्तूंचा तुटवडा होता म्हणावे, तर तसेही नव्हते. अमेरिकेत कोळशापेक्षा मका स्वस्त पडे म्हणून शेतकरी तो चुलीत जाळत. ब्राझीलने कॉफीचे ढीग जाळले. त्याच वेळी शहरांत फुकट पाव आणि सूप मिळवण्यासाठी लांबच लांब रांगा लागत होत्या.

भारतातही शेतमालाचे भाव १९२९ ते १९३१ या काळात सुमारे निम्म्यावर आले. शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र तेवढेच राहिले. तेच कर्ज फेडायला शेतकऱ्याला दुप्पट धान्य विकावे लागले. शेवटी घरातले दागिने गेले. १९३१ नंतर मुंबई बंदरातून हे सोने मोठ्या प्रमाणावर इंग्लंडला रवाना झाले.

पोटापलीकडची जखम ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावात दिसली. तेथली गिरणी बंद पडली आणि बहुतेक घरांत कमावता हात उरला नाही. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी या गावाचा अभ्यास करून १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. आता हाताशी वेळच वेळ होता, म्हणून लोक अधिक वाचतील असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात वाचनालयातून जाणारी पुस्तके निम्म्याने घटली. गावच्या बागेत रान माजले. रस्त्याने जाणारे पुरुष हळू चालत आणि पुनःपुन्हा थांबत. काम गेले तेव्हा पगाराबरोबर दिवसाचा आकार गेला आणि माणूस घरात मिटून बसला.

अशा मिटलेल्या, दुखावलेल्या माणसांना कोणीतरी शत्रू दाखवून देतो. जर्मनीत हिटलरच्या पक्षाला १९२८ मध्ये ३ टक्क्यांहूनही कमी मते होती. जुलै १९३२ मध्ये ती ३७ टक्क्यांवर गेली.

विश्वास परत कसा आला?

१२ मार्च १९३३, रविवारची संध्याकाळ. नवे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवर बोलले. आठवडाभर बंद ठेवलेल्या बँका कशा तपासून उघडणार आहेत, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितले. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या, तेव्हा लोक पैसे परत ठेवायला रांगेत उभे राहिले. पुढे ठेवींना विमा मिळाला. आपल्या देशात असा विमा १९६२ पासून आहे आणि २०२० मध्ये त्याची मर्यादा ५ लाख रुपये करण्यात आली. मंदी लगेच संपली नाही, पण भीती ओसरू लागली.

ख्रिस्तसभाही गप्प बसली नव्हती. मे १९३१ मध्ये अकरावे पायस यांनी आपल्या परिपत्रकात मूठभरांच्या हाती एकवटलेल्या आर्थिक सत्तेवर कडक टीका केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेकार आणि त्यांच्या मुलांसाठी त्यांनी वेगळे पत्र लिहिले. १ मे १९३३ रोजी न्यूयॉर्कमध्ये डोरोथी डे आणि पीटर मोरिन यांनी एक सेंट किमतीचे वृत्तपत्र सुरू केले. त्यातूनच पुढे बेघर, भुकेल्यांना आसरा देणारी घरे उभी राहिली. तेथे आलेल्याला बेकार का झालास, असे विचारत नसत. आधी जेवायला वाढत.

बंधुभगिनींनो, बँका आणि जकाती आपल्या हातांत नाहीत. पण नोकरी गेलेला माणूस मारिएन्थालच्या रस्त्यावरल्यासारखा एकटा पडतो की नाही, हे मात्र आपल्या हातांत आहे. तो मिस्सेला उशिरा येतो, शेवटच्या बाकावर बसतो आणि कोणी काही विचारायच्या आत निघून जातो. त्याची चूक काय झाली याची चर्चा आपण करतो. त्याच्या घरी मात्र जात नाही.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या आळीत गेल्या वर्षभरात कोणाचे काम सुटले? आपल्याला ते कधी आणि कसे कळले?
२. 'ज्याला काम करायचे त्याला काम मिळतेच' असे आपण म्हणतो, तेव्हा १९३३ मधील त्या चौथ्या कामगाराला आपण काय उत्तर देऊ?
३. पैसे न देताही आपण त्याला काय देऊ शकतो?