पशू शहाणा की मनुष्य?

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे २३:२९-३५, दानीएल १:८-१७, योहान ८:३४-३६

दारू पिणारा मनुष्य पशू होतो, असे आम्हीही उपदेशात अनेकदा बोललो आहोत. ते कितपत खरे आहे, हे या पाठात पाहू.

इंग्लंडातील प्रेस्टन या कापड गिरण्यांच्या शहरात १ सप्टेंबर १८३२ रोजी जोसेफ लिव्हसी व सहा सोबत्यांनी संपूर्ण मद्यत्यागाची प्रतिज्ञा केली. त्याआधीच्या मद्यनिषेध मंडळ्या ब्रँडीसारखी कडक दारू वर्ज्य मानीत, पण बिअरला मोकळीक देत. यावरून मोठा वाद झाला. मद्यत्यागी वक्ते पशूंचा दाखला देत : बैल तहानेपुरते पाणी पितो व थांबतो, मनुष्यच थांबत नाही.

१८७१ साली चार्ल्स डार्विन यांनी मनुष्याच्या उत्पत्तीवरील ग्रंथात वेगळीच हकीकत नमूद केली. ईशान्य आफ्रिकेतील लोक कडक बिअरची भांडी ठेवून बबून माकडे पकडीत. झिंगलेली माकडे दुसऱ्या सकाळी दोन्ही हातांनी डोके धरून बसत. पुन्हा बिअर पुढे केली की तोंड फिरवीत; लिंबाचा रस मात्र आवडीने घेत. अमेरिकेतील एक माकड तर ब्रँडीने एकदा झिंगल्यावर पुन्हा तिला शिवले नाही.

म्हणजे पशूलाही नशा चढते. पण त्या माकडांना एक डोकेदुखी पुरली. नीतिसूत्रांतील मद्यपी मार खाऊनही जाग येताच पुन्हा दारूच शोधतो. मग तो पशूहून हलका ठरला काय? नाही. तो देवाच्या प्रतिरूपाचा मनुष्य आहे, पण दास झाला आहे. दासाला हिणवून तो सुटत नाही. त्याला मुक्त करणारा पुत्र हवा आणि हात धरणारे सोबती हवेत. दानीएलाने मनात निश्चय केला, तेव्हा त्याच्याबरोबर तिघे होते. प्रेस्टनचा लिव्हसीही एकटा नव्हता.

शिक्षकांस सूचना : वर्गात मद्यप्यास पशू म्हणू नये. पुढच्या बाकावरील एखाद्या मुलाचा बाप काल रात्री पिऊन आला असेल. ते मूल आधीच मान खाली घालून बसले आहे. त्याला बापाची आणखी लाज नको, बापासाठी प्रार्थना करावयास शिकवू या.

प्रश्न :
१) दुःख भोगूनही मनुष्य व्यसनाकडे का वळतो?
२) आपल्या मंडळीत दारू सोडू पाहणाऱ्याचा सोबती कोण होईल?