लेकराला पहिली बंदूक घेताना

पोराला शिकार शिकवायची आहे, सुरुवातीला हलकी एकनळी घ्यावी की छर्ऱ्याची, हा प्रश्न लोहा-कंधार भागात अजून विचारला जातो. घरात आजोबांची बारा बोअर असते, जुन्या गोष्टी असतात, आणि पोर दहा-अकरा वर्षांचं झालेलं असतं. उत्तर आधीच देतो: शिकारीसाठी कोणतीही घेऊ नका. नेम शिकवायचा असेल तर मात्र रस्ता आहे. तो कायदेशीर आहे, आणि नीट चाललात तर पहिले सहा महिने बंदूक विकत घ्यायचीही गरज पडत नाही.

आधी कायदा, कारण सगळ्यात महाग चूक तिथेच होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. तितर, ससा, हरण, मोर, रानडुक्कर हे सगळे त्या कायद्याच्या परिशिष्टांत आहेत. 'छर्ऱ्याने मारलं, बंदुकीने नाही' हा बचाव चालत नाही; गलोलीने मारलं तरी ती शिकारच. २०२२च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. काळवीट किंवा मोर असेल तर कैद किमान ३ वर्षं आणि ७ पर्यंत, शिवाय दंड. वापरलेली बंदूक आणि मोटारसायकलही सरकारजमा होते. पोर अज्ञान असेल तर हातात बंदूक देणारा मोठा माणूस गोत्यात येतो.

रानडुकरं आणि रोही पीक उद्ध्वस्त करतात, हे खरं आहे. त्याचाही उपाय पोराच्या हातात बंदूक देणं नव्हे. नुकसान झाल्यापासून ३ दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज करा. सातबारा, नुकसानीचे फोटो, आधार आणि बँक पासबुकाची प्रत जोडा, पंचनामा करून घ्या. तीन दिवस उलटले की बरोबर असलेला दावाही अडतो. जनावर मारायची परवानगी वन विभाग लेखी देतो, ती परवानाधारक मोठ्या माणसासाठी असते आणि तिच्यातल्या अटींबाहेर एक गोळीही झाडता येत नाही.

आता आजोबांची बारा बोअर. शस्त्र परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागतं. १२ वर्षांवरच्या मुलाला प्रशिक्षणासाठी आणि निशाणाच्या सरावासाठी बंदूक हाताळता येते, पण मोठा प्रशिक्षक किंवा परवानाधारक शेजारी उभा असतानाच. 'शेतात एकदा उडवून बघू दे' हे त्यात बसत नाही. आजोबा वारले असतील तर परवाना आपोआप मुलाच्या नावावर होत नाही. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पोच घ्या, मग वारसाने नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतःचा अर्ज करायचा. अर्जाचं शुल्क चलनाने भरा आणि पावती जपा. 'परवाना काढून देतो' म्हणणाऱ्या दलालाला रोख दिलेला रुपया कुठेच नोंदला जात नाही. पोलीस अहवालाशिवाय फाईल पुढे सरकत नाही, हेही तो तुम्हाला सांगत नाही.

शिवाय बारा बोअर लेकरासाठी नाहीच. तिचं वजन तीन किलोच्या वर, आणि खांद्याला बसणारा धक्का असा की पोर पहिल्या बारातच डोळे मिटायला शिकतं. ती सवय नंतर वर्षभर सुटत नाही. ट्रॅप नावाचा उडत्या चकत्यांचा खेळ या बंदुकीने खेळतात. त्याच्या एका फेरीत २५ चकत्या, प्रत्येकीवर दोन बार मारायची मुभा, स्पर्धेची पात्रता १२५ चकत्यांची. काडतुसांचा हिशेब तुम्हीच करा. नेमबाजीत याहून महाग सुरुवात दुसरी नाही.

मग घ्यायचं काय? दहा मीटरची एअर रायफल किंवा एअर पिस्तूल. बोअर ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७, आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. या दोन आकड्यांवर बिल तपासा. ५.५ मिलिमीटरची, म्हणजे .२२ची एअरगन 'ही पण छर्ऱ्याचीच' म्हणून विकली जाते; तिला परवाना लागतो. स्प्रिंग बदलून किंवा गॅसचा पिस्टन बसवून 'पॉवर वाढवून देतो' म्हणणारेही भेटतात. ताकद २० ज्यूलच्या वर गेली की तुमच्या घरात विनापरवाना शस्त्र आलं. बिलावर बोअर, मॉडेल, अनुक्रमांक आणि ज्यूल लिहून घ्या, कारखान्याचं प्रमाणपत्र मागा. खरेदी मोठ्या माणसाच्या नावावर करा. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो सोबत ठेवा, दुकानदार मागतो. मागत नसेल तर त्या दुकानातून घेण्याचा पुन्हा विचार करा.

पण खरेदी नंतर. आधी पोराला खरंच हे आवडतं का ते बघा. माळेगावच्या यात्रेत फुगे फोडायच्या पालावर त्याला उभं करा आणि फुग्याकडे नका बघू, पोराकडे बघा. फुगा चुकला की ते बंदुकीला दोष देतं, की पुन्हा श्वास घेऊन नीट धरतं? त्या पालावरची बंदूक बहुधा वाकडीच मारते, त्यामुळे किती फुगे फुटले याला अर्थ नाही. दहा बार झाल्यावर अकरावा तितक्याच शांतपणे मारणारं पोर रेंजवर टिकतं.

पहिली पायरी फुकटातली आहे आणि बहुतेक पालकांना ती ठाऊक नसते: एनसीसी. शाळेत एनसीसीचं पथक असेल तर आठवीत भरती होते. .२२ रायफलने गोळीबार शिकवतात. त्याची फी नाही, गणवेश मिळतो, आणि शिकवणारे सैन्यातले असतात. जागा थोड्या असतात. त्यामुळे शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच एनसीसी शिक्षकांना गाठा. ऑगस्टमध्ये गेलात तर वर्ष गेलं. तुमच्या शाळेत पथक नसेल तर लोह्यातल्या इतर शाळांत विचारा. आठवीला शाळा बदलण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारून ठेवायला काही लागत नाही.

दुसरी पायरी शालेय स्पर्धा. रायफल शूटिंग शालेय खेळांत आहे, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत. प्रवेशिका शाळेमार्फत जाते, म्हणून क्रीडा शिक्षकांची सही हा तुमचा पहिला कागद. दुसरा जन्मदाखला, तिसरा बोनाफाईड. जन्मतारीख तिन्ही ठिकाणी सारखी आहे का ते आजच बघा. आधारवर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी असली की पोर मैदानावरून परत येतं. चौकशी नांदेडच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. तिथे तीन प्रश्न विचारा: सध्या जिल्ह्यात एअर रायफलचा सराव कुठे होतो, यंदाच्या प्रवेशिकेची शेवटची तारीख कोणती, आणि क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी कधी. प्रबोधिनी ही राज्य सरकारची निवासी योजना आहे. स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीहून याच वाटेने गेला आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य घेऊन आला. निवड झाली तर राहणं, जेवण आणि प्रशिक्षण यांचा भार सरकार उचलतं. लोह्यातल्या शेतकरी कुटुंबाला याहून मोठी सवलत दुसरी नाही, म्हणून चाचणीची तारीख चुकवू नका.

रेंजवर घालायचं ठरलं तर पहिले सहा महिने क्लबची रायफल वापरा. महिन्याची फी साधारण २ ते ५ हजार. पण 'फी' या शब्दात काय काय येतं ते पैसे देण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या. रायफलचं भाडं वेगळं का? छर्रे त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती आहे का? टार्गेटचे कागद, हवेचा सिलिंडर भरणं, प्रवेश शुल्क, वार्षिक सभासदत्व, परत न मिळणारी अनामत? 'तीन हजार' सांगितलेली फी महिनाअखेरीस साडेपाच होते ती या पाच-सहा ओळींतून. रविवारी रेंज बंद असते का तेही विचारा. लोह्याच्या पोराला सराव करायला रविवारच मोकळा असतो.

छर्ऱ्यांचा हिशेब सोपा आहे. आठवड्यातून ४ दिवस, दिवसाला ६० बार, म्हणजे महिन्याला ९६०. पाचशेच्या डब्याचे दोन डबे. देशी डबा साधारण ३०० ते ५०० रुपयांना, परदेशी मॅचचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. शिकताना देशी पुरतो. पहिल्याच महिन्यात परदेशी डबा घ्यायला लावणारा प्रशिक्षक असेल तर कारण विचारा.

लोह्याहून नांदेड तीस-पस्तीस किलोमीटर. एसटीत १२ वर्षांखालच्या मुलाला अर्धं तिकीट, आणि मुलगी किंवा आई जात असेल तर महिला सन्मान योजनेत तिलाही अर्धं. तरी आठवड्यातून ४ दिवसांच्या ये-जा खर्चात रेंजच्या फीची बरोबरी होऊ शकते. दोन-तीन घरच्या पोरांनी मिळून जायचं ठरवा. शनिवार-रविवार दोन दिवस, दर दिवशी दोन तास, असा सराव मागून घ्या, आणि स्वतःची रायफल आली की उरलेले दिवस घरी ती रिकामी धरून उभं राहण्याचा सराव. त्याला एक पैसा लागत नाही आणि नेमबाज तोच सगळ्यात जास्त करतात.

सहा महिने पोर न कुरकुरता गेलं, मग खरेदी. रायफल निवडताना कंपनीचं नाव नंतर बघा, आधी माप. पोराला कोपर काटकोनात वाकवायला सांगा, दस्ता त्याच्या कोपराच्या खोबणीत टेकवा. बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात पोचलं पाहिजे. पोचत नसेल तर दस्ता लांब आहे. दुकानदार म्हणेल, 'वाढत्या वयाचं आहे, पुढे होईल.' चपलेत हे चालतं, रायफलमध्ये नाही. माझ्या भाच्याला अशीच 'पुढे होईल' म्हणून घेतलेली रायफल त्याने पाठ मागे वाकवून धरायला सुरुवात केली, आणि ती पाठ सरळ करायला प्रशिक्षकांना रायफल शिकवण्यापेक्षा जास्त महिने लागले. दस्त्याच्या मागची पट्टी सरकवून लांबी बदलता येते का, हे पहिलं विचारा.

दुसरं वजन. मॅच रायफलची कमाल मर्यादा ५.५ किलो आहे. दहा वर्षांच्या पोराने तितकी धरावी असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. त्या पोराने ३ ते ३.५ किलोच्या वर जाऊ नये. तिसरं, नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल पोराला स्वतः भरता येते का ते दुकानातच बघा. प्रत्येक बाराला बाबांनी भरून द्यायची असेल तर ते शिकणं नाही.

दर साधारण असे: देशी स्प्रिंगची ८ ते २० हजार, देशी दाबहवेची म्हणजे पीसीपी त्याच्या वर, परदेशी मॅच रायफल २ लाखांच्या पुढे. पीसीपी घेतलीत तर हातपंप किंवा सिलिंडर वेगळा, तो बिलात धरा. रायफलला पुढे जाकीट आणि पँट लागते, देशी जोडी १५ ते ३० हजार. वाढत्या पोराला ती दीड-दोन वर्षांत आखूड होते, म्हणून ती वापरलेली घ्या, मोठ्या नेमबाजाकडून. पिस्तुलाला जाकीट लागत नाही. घरात पैसा मोजका असेल तर पिस्तुलाचा विचार करा, पण बारा वर्षांखालच्या मनगटाला ते जड जातं.

जुनी पीसीपी घेत असाल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. सिलिंडरचं आयुष्य साधारण १० वर्षं. त्यानंतर स्पर्धेत तपासणीलाच अडवतात, आणि नवा सिलिंडर हजारोंत जातो. रायफल चकाकते म्हणून भाव देऊ नका, तारखेवरून द्या.

घरी आणलीत की पेटीत कुलपात, छर्रे दुसऱ्या कपाटात, किल्ली मोठ्यांकडे. एसटीतून नेताना पेटी बंद, बिल पेटीत. डोळ्याला चष्मा सक्तीचा, छर्रा दगडावरून उलटा येतो. छर्रे शिशाचे असतात. भरताना ते दातात धरायची पोरांना सवय लागते, ती पहिल्याच दिवशी मोडा. सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही.