मज्जारज्जूची दुखापत आणि चालण्याचा तोल

झाडावरून, विहिरीच्या काठावरून अथवा बांधकामाच्या परांचीवरून पडून पाठीच्या कण्यास इजा झालेला माणूस काही महिन्यांनी रुग्णालयातून घरी परततो. पायांत थोडे बळ आलेले असते. तरीही उभा राहताच तो डोलतो व दोन पावलांत भिंत धरतो. अशक्तपणा आहे असे समजून घरची मंडळी त्याचे दूध-तूप वाढवितात. वस्तुतः उणीव केवळ बळाची नसते, तोलाचीही असते. आणि तोल नव्याने शिकावा लागतो.

शरीराचा तोल डोळे, अंतःकर्ण आणि पायांचे स्नायू, सांधे व तळवे यांच्याकडून मेंदूकडे जाणारी संवेदना या तिहींवर राखला जातो. यांपैकी तिसरीचा मार्ग मज्जारज्जूतून जातो. तो अंशतः खंडित झाला की पाऊल कोठे पडले हे पाहिल्यावाचून नीट उमगत नाही. असा रुग्ण खाली मान घालून चालतो आणि रात्री दिवे गेले की कोलमडतो.

मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी अशा रुग्णांचे पुनर्वसन केले जाते. सर्वसाधारणपणे आरंभ बसण्यापासून होतो. नंतर समांतर दांड्यांमध्ये उभे राहणे, भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, वळणे, आडवे पाऊल टाकणे असा क्रम असतो. दांडीवर सारा भार टाकून कितीही येरझाऱ्या घातल्या तरी तोल फारसा सुधारत नाही. तो किंचित ढळून सावरावा लागतो. म्हणूनच कमरेच्या पट्ट्याला धरून भौतिकोपचार तज्ज्ञ शेजारी उभा असतो. प्रगती मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बर्ग मापनात १४ कृती व ५६ गुण असतात.

मज्जारज्जू पूर्णतः निकामी झालेल्यांना मात्र चालण्याची खोटी आशा दाखवू नये. चाकाच्या खुर्चीनेही माणूस स्वावलंबी होतो.

खरी कसोटी गावी लागते. तेथे उंबरठा आहे, शेणाने सारवलेले अंगण आहे, शाळेच्या पायऱ्यांना कठडा नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. तीतून कठडा, उतरंडीचा रस्ता यांचा विचार व्हावा. अंगणात कमरेच्या उंचीवर पक्के बांधलेले दोन समांतर बांबूही सरावास पुरतात. मात्र तज्ज्ञाने सांगितलेलाच सराव करावा, आणि पहिले काही आठवडे शेजारी कोणी तरी उभे असावे. कारण एकाएकी उभे राहिल्याने रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, आणि फार दिवस भार न पेललेली हाडे साध्या पडण्यानेही मोडतात.